नऊ-शून्य आणि आईची जागा

आई गेल्यावर बाबांना मी हट्टाने इकडे आखातात, करामाच्या माझ्या फ्लॅटवर घेऊन आले, आणि महिनाभर ते माझ्या बाल्कनीत खुर्ची टाकून नुसते बसून राहिले. काहीही विचारा, उत्तर एकच: "ठीक आहे." गुरुवारचं पुण्याचं तिकीट मात्र त्यांनी येतानाच काढून ठेवलं होतं. तिथल्या रिकाम्या घरात हा माणूस एकटा करणार काय, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. थांबा म्हटलं की मान हलायची, कुठल्या दिशेने ते देवाला ठाऊक.

त्यात ऑफिसातून बेसबॉलच्या मॅचचे तीन पास मिळाले. खेळाडू पगारी, स्टेडियम नवंकोरं, आणि आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. "यल्ला, चला आजोबा, इट विल बी फन," म्हणत माझ्या लेकीने त्यांना गाडीत कोंबलं.

पहिल्याच चेंडूला बाबा ताठ बसले. "अगं, हा हात वाकवून फेकतोय! सरळसरळ नो-बॉल!"

"आजोबा, हिअर यू आर सपोज्ड टु थ्रो."

"मग अंपायर काय झोपा काढतोय का?"

महिन्याभरात ते पहिल्यांदा इतकं बोलले, तेही भांडायला. मला एवढा आनंद झाला की मी मुद्दाम अंपायरची बाजू घेतली.

निळ्या टोप्यांची आमची टीम धो धो मारत सुटली. बघता बघता नऊ-शून्य. समोरच्यांना एक रन काढता येईना. "पार एकतर्फी आहे, निघू या, ट्रॅफिक लागेल," मी म्हणाले. बाबांनी डोळे वटारले.

"समोरच्यांचं शून्य आहे ना अजून? मग कोणी जागेवरून हलायचं नाही."

हा आमच्या घरचा कायदा. टीव्हीवर क्रिकेटची मॅच रंगात आली की जो जिथे असेल तो तिथेच खिळायचा. एकदा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असताना आपण हरता हरता जिंकलो, तेव्हापासून तिची जागा तीच. हातात झारा, पाठ दाराला टेकलेली, अख्खी मॅच उभ्याने. जरा बसायला गेली की बाबा ओरडायचे, "अगं उभी राहा, विकेट जाईल!"

शेवटच्या डावात समोरच्यांचे दोन गडी बाद झाले, तिसरा गेला की मॅच संपणार, पण तिन्ही बेसवर त्यांची माणसं येऊन उभी राहिली. एक बरा फटका बसला की शून्य खलास. नऊ रन हाताशी असताना घाबरायचं कशाला? पण बाबांच्या कपाळावर घाम. एकदम उठले, रांगेच्या टोकाला गेले आणि पायऱ्यांच्या कठड्याला पाठ टेकून उभे राहिले.

"अहो बाबा, आता तुम्हीच हलताय!" मी वैतागले.

"तिची जागा रिकामी आहे ना," मैदानावरची नजर न हटवता ते म्हणाले. "कोणीतरी उभं राहायला हवं."

लेकीने फोन खाली ठेवला आणि माझा हात धरला.

फटका उंच गेला. चेंडू दिव्यांच्या उजेडात कितीतरी वेळ वरच राहिला आणि शेवटी एका ग्लोव्हमध्ये जाऊन बसला. शून्य टिकलं. "आऊट!" बाबा असे ओरडले की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

गाडीकडे चालताना ते मध्येच थांबून गुडघा चोळू लागले. "उभं राहून पाय किती भरून येतात गं. बिचारी कधी बोलली नाही."

आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय काढला तो त्या रात्रीच पहिल्यांदा. मी माझी चाल त्यांच्याइतकी हळू केली.

गाडीत बसल्यावर त्यांनी नातीला विचारलं, "पुढची मॅच कधी?"

"फ्रायडे, आजोबा."

"शुक्रवारी?" बाबा माझ्याकडे वळून चिडक्या आवाजात म्हणाले, "मग मी गुरुवारी जाऊन कसं चालेल? दारात उभं कोण राहणार?"