सैल बांगड्या

उमा आमची शेजारीण. ९९ साली मुंबईला छातीचं ऑपरेशन करून परत आली, तेव्हा आमच्या आळीत कॅन्सर म्हणायलाही माणसं घाबरायची. चौकशी करायची तीही अंगणातून, वर पायरी कोणी चढत नसे.

घरात सासूबाईंखेरीज थोरली जाऊ, गोदावहिनी. "केस काय, येतील हो परत," असं मायेनं म्हणायच्या आणि उमाचा कप मात्र वेगळ्या फळीवर ठेवायच्या. उमाने तेही सोसलं. तिला हवी होती फक्त या दुखण्यातून गेलेली एखादी बाई. हात असाच जड राहतो का, मनातली धास्ती कधी जाते, हे विचारायला. रत्नागिरीत तशी कुणी सापडली नाही. "मीच तेवढी करंटी," म्हणायची.

मग तीन-चार वर्षांनी गोदावहिनींच्या लेकीचं लग्न निघालं आणि बांगड्या भरायला कासार घरी आला. ऑपरेशनच्या बाजूच्या हातात घट्ट काही घालू नका, असं उमाला इस्पितळात बजावलं होतं. चारचौघींत हे बोलायचं कसं, म्हणून बिचारी मागे बसून राहिली. गोदावहिनींनी हात पुढे केले, तसा कासारच म्हणाला, "उजव्यात सैल ना? आहे लक्षात. तुमच्या पित्ताच्या ऑपरेशनपासून तसंच आहे."

पित्ताच्या ऑपरेशनला हातात सैल बांगडी कशाला लागते? उमाला सगळं कळलं. ती उठून माजघरात गेली. बायका पांगल्यावर वहिनी आत आल्या.

"वहिनी, तुमचंही हेच?"

"हो. अगो, पोरी उजवायच्या होत्या. कळलं असतं तर स्थळ आलं असतं का दारात?"

"मला एकटीला सांगायचंत. इतकी वर्षं रडत होत्ये तुमच्यापुढे."

वहिनींनी माजघराचं दार लोटून घेतलं.

"आणि माझा कप?"

"तो वेगळा ठेवला नसता, तर सासूबाईंनी विचारलं असतं, हिला कशी भीती वाटत नाही?"

सख्ख्या वैऱ्यानेही इतका हिशेबीपणा केला नसता, असं मला आजही वाटतं. उमा लग्नात राबली, पण वहिनींशी बोलणं तिने टाकलं.

पुढच्या तपासणीला ती मुंबईला निघाली, तर एसटी स्टँडवर गोदावहिनी पिशवी घेऊन उभ्या. उमाने त्यांना शेजारी बसू दिलं. तेव्हापासून दर खेपेला दोघी बरोबर जातात.

"माफ केलंस का गं?" मी एकदा विचारलं.

"नाही," उमा म्हणाली. "पण दुसरी कोण आहे मला?"