पलंग आणि भिंतीमधली जागा

जिन्यावरून लोखंडी कपाट एकट्याच्या पाठीवर चढवणारा हमाल, म्हणून सगळे त्याला कपाटच म्हणत. गंमत अशी की त्याच्या स्वतःच्या खोलीत कपाट नव्हतं. ठेवणार कुठे? एक पलंग, एक खुर्ची, कोपऱ्यात शेगडी, आणि पलंग नि भिंतीच्या मध्ये माणूस आडवा झाला तर कूस बदलता येणार नाही एवढी जागा.

त्याने काम सोडलं आणि वर्षाच्या आत बायको घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली, पण ती अंथरुणाला खिळली ती खिळलीच. तिला उचलून मोरीपर्यंत न्यायचं नि परत आणायचं, हे तोच करायचा. एकदा मोरीपाशी त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि दोघंही खाली बसली. लागलं कुणाला नाही, पण लेकीच्या कानावर गेलंच.

"बाबा, तुमच्याने आता होत नाही," ती फोनवर म्हणाली. "महिनाअखेरीला येते नि आईला घेऊन जाते."

लेकीच्या घरात दोघांना जागा नव्हती. इतक्या वर्षांच्या संसाराची अशी वाटणी होणार, हे कपाटाला मान्य नव्हतं.

मग गडी इरेला पेटला. रोज सकाळी त्या चिंचोळ्या जागेत भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसायचा, मांड्या थरथरेपर्यंत. मग हात न टेकता खुर्चीवरून उठबस, आणि शेवटी पाण्याचे डबे उचलणं.

"परत बोहल्यावर चढायचंय की काय?" बायको पलंगावरून विचारायची.

"तुलाच पळवून न्यायचंय," तो दम खात म्हणायचा.

गुडघ्यांत खरंच जोर आला. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी बाई तपासायला आली, तेव्हा त्याने मोठ्या तोऱ्यात बायकोला उचलून दाखवलं. उचलण्याआधी नेहमीसारखं बजावलं, "अंग सोड. हलू नकोस."

"रोज असंच सांगता?" बाईंनी विचारलं.

"मग? ओझं हललं की हमाल जिन्यावरून गेलाच."

"अहो काका, मग यांच्या पायांनी काम करायचं कधी?"

तो मटकन खुर्चीत बसला. आपण आपल्या मांड्या कमावल्या, नि तिच्या आपल्याच शब्दाने वाळत गेल्या, हे त्याला कळलं आणि फार लागलं.

त्या दिवसापासून तालीम पलंगावर गेली. टाचा गादीत दाबायच्या, गुडघा सरळ करायचा, कडेला बसून पुढे झुकायचं. ती कळवळायची, त्याला नाही नाही ते बोलायची. हात आपोआप पुढे जातील म्हणून तो ते मांडीखाली दाबून बसायचा.

लेक आली ती मोकळी बॅग घेऊनच. आई कडेला सरकली, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीचा हात तिने धरला, जोर लावला आणि मागे पडली. लेक धावणार, तोच कपाट मध्ये आला. वाकून बायकोला उचलायला त्याने दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नका," बायको म्हणाली.

ती पुन्हा झुकली आणि उठली. पाय लटपटत होते. भिंतीला धरून, पाऊल घासत, ती मोरीकडे निघाली. लेकीने बॅग हळूच पलंगाखाली सरकवली.

कपाट तिथेच उभा होता, रिकामे हात तसेच पुढे केलेले. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ते त्याला मागे घेता येईनात.