सांध्यावरचा श्वास

माझा थोरला भाऊ समारंभांच्या व्हिडिओ डिस्क बनवायचा. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव ‘उद्या’ पाडलं होतं, कारण कधीही जा, दादा मान वर न करता म्हणायचा, “उद्या या.” तो आळशी नव्हता. प्रती काढण्याआधी प्रत्येक डिस्क तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचा, लोकांच्या मेव्हण्यांची भाषणंसुद्धा. त्याच्या इतक्या काळजीने काय झालं, ते मी अजून विसरलेले नाही.

आईने चाळीस वर्षं मुलींना गाणं शिकवलं. एकाहत्तराव्या वर्षी छातीच्या आजाराने तिला सहा महिने अंथरुणाला खिळवलं. बरी झाल्यावर तिने एक कार्यक्रम केला, तो स्वतःला तपासण्यासाठी. गाणाऱ्याला गाताना आपलं खरं ऐकू येत नाही, असं ती म्हणायची. आता दमसास उरलाय की नाही, हे डिस्क ऐकून ठरवायचं. उरला असेल तर मुलींना पुन्हा बोलवायचं, नाहीतर गाण्याला रामराम. दादाला हे तिने स्पष्ट सांगितलं होतं.

कार्यक्रम लांबला होता, म्हणून दादाने दोन थरांची डिस्क घेतली. अशा डिस्कचा एक थर संपला की यंत्र दुसऱ्या थरावर जातं आणि तेवढ्यात चित्र आणि आवाज क्षणभर थबकतात. डिस्क गच्च भरलेली असली, की हा सांधा कार्यक्रमाच्या मध्यावरच येतो, दोन-चार मिनिटं इकडे किंवा तिकडे. दादाचं नशीब की मध्यावर दोन गाण्यांमधल्या टाळ्या होत्या. त्याने सांधा तिथे बसवला आणि त्या दिवशी चक्क वेळेवर जेवायला आला.

मग मामा दुकानात आले. आईचा हा धाकटा भाऊ. सभागृह त्यांनी मिळवून दिलेलं, दुकानाची जागाही त्यांचीच, आणि ही गोष्ट त्यांनी आम्हाला कधी विसरू दिली नाही. कार्यक्रमाच्या शेवटी त्यांचं बावीस मिनिटांचं भाषण होतं. ते सुरुवातीला घे, म्हणाले, शेवटापर्यंत कोण बसतंय. दादाने समजावलं की पुढे बावीस मिनिटं आली तर सगळंच सरकेल आणि सांधा आईच्या मोठ्या गाण्यात येईल. निदान भाषण थोडं कापू का, असंही विचारलं. मामांनी नुसतं छताकडे बघितलं. ते छत त्यांचं होतं. दादाने मान डोलावली. मला आजही त्या मानेचा राग येतो.

मोठं गाणं अर्ध्या तासाचं. त्यात सांध्यासाठी जागा शोधायला दादाने ते अकरा वेळा ऐकलं. एकविसाव्या मिनिटाला, वरच्या स्वराआधी, आई डोळे मिटून श्वास घेते. गाणं तिथे तसंही थांबतं, मग सांधा कोणाला कळणार? त्याने तिथेच बसवला आणि दुकानातल्या नव्या यंत्रावर लावून बघितला. पापणी लवते न लवते तोच चित्र पुढे गेलं. घरातलं जुनं, धापा टाकणारं यंत्र त्याच्या ध्यानातच आलं नाही. गिऱ्हाइकांना मात्र तो नेहमी बजावायचा, जुन्यावर लावून बघा.

रविवारी सकाळी आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसलो. आधी मामांचं भाषण झालं. मामांनी ते मन लावून ऐकलं. मग आई गायली, आणि छान गायली. मोठ्या गाण्याच्या एकविसाव्या मिनिटाला पडद्यावर तिने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि तशीच राहिली. दोन सेकंद, कदाचित तीन. चित्र थांबलंय हे ओळखायला काही खूणच नव्हती. मग स्वर लागला.

“इथे श्वास तुटला माझा,” आई म्हणाली. “तेव्हा कळलंच नाही मला.” तिने यंत्र बंद केलं आणि आत निघून गेली.

दादाने मामांकडे बघितलं. मामा पायताण शोधत होते. दादा तेव्हाच बोलला असता तर आईने कदाचित ऐकलं असतं. पण मामांदेखत कारण कसं सांगायचं, या विचारात त्याने दिवस घालवला. इथेही उद्याच!

दुसऱ्या दिवशी त्याने तिला थर, सांधा, यंत्र सगळं समजावलं. ती म्हणाली, माझ्या समाधानासाठी खोटं बोलू नकोस. मग त्याने हिंमत करून मामांचं भाषण उचललं, पुन्हा शेवटी टाकलं आणि नवी डिस्क बनवली. घरातल्याच यंत्रावर आईला तेवढी जागा ऐकवली. श्वास आला तसा गेला, वरचा स्वर लख्ख लागला.

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “छान जोडलंस रे,” ती म्हणाली. “तुझं कामच ते.”

डिस्क कपाटात गेली. शिकायला येणाऱ्या मुलींना आईने दुसऱ्या बाईंचा पत्ता दिला. त्यानंतर घरात ती कधी गुणगुणलीसुद्धा नाही.

जुनी डिस्क मात्र ती दुपारी अधूनमधून लावते. त्या श्वासापर्यंत ऐकते आणि बंद करते. गाणं तिथून पुढे नऊ मिनिटं आहे, आणि ती नऊ मिनिटं ती आयुष्यात कधी गायली नव्हती इतकी सुंदर गायली आहे. दादाने ती अकरा वेळा ऐकली, मी कितीदा तरी. आईने एकदाही नाही.