दोन दिवसांची ओल

रमण गेल्याचं मला लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. कावीळ झाली होती म्हणे. खाली लगेच मालकांचा मजकूर आला, ‘संस्थेचा आधारस्तंभ हरपला.’ ज्या माणसाला तीन वर्षांपूर्वी जेवणाचा डबा उचलायलाही वेळ न देता गेटबाहेर काढलं, तो मेल्यावर आधारस्तंभ झाला. मीही त्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. सव्वा महिना झाला, त्या चित्राची अजून लाज वाटते.

आमची लॅब तलासरीला. पंखे, मिक्सर, मोबाइलचे चार्जर बाजारात जाण्याआधी आमच्याकडे येतात. वीज किती खातात, शॉक देतात का, हे तपासून आम्ही रिपोर्ट द्यायचा. रमण डहाणूजवळच्या गंजाड गावचा, आयटीआय झालेला, २०१४ साली तपासणीच्या कामावर लागला. इतर जण तासाभरात उरकत ते काम हा पठ्ठ्या दिवसभर पुरवायचा, म्हणून आम्ही त्याला चेंगट म्हणायचो. रिपोर्ट लिहायचं काम माझं, आणि शेवटची सहीही माझी.

एकदा लोखंडी जाळीचा एक उभा पंखा आला. वीज इतकी कमी खायचा की कंपनीला जाहिरातीची घाई झाली होती. नियम असा, की पंखा दोन दिवस दमट कपाटात ठेवायचा आणि मग करंट गळतो का ते बघायचं. पंखा पास झाला. रमणनं तो पुन्हा कपाटात ठेवला. सहाव्या दिवशी बाहेर काढून प्लगची तिसरी पिन, गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची, कापून टाकली आणि मीटर लावला. जाळीत करंट उतरला होता.

“नियमात कुठं आहे हे?” मी वैतागले.

“ताय, आमच्या घरातली ओल दोन दिसांची नसते. नि भिंतीवरचा बोर्ड दोन भोकांचा. तिसरा पाय बसत नाय म्हणून लोक कापूनच टाकतात. सायवनच्या पाड्यांवर जाऊन बघा.”

खरं होतं ते. मी रिपोर्टच्या शेवटी तेवढी एक ओळ घातली. मालकांनी कच्ची प्रत चाळली आणि म्हणाले, “नियमाबाहेरचं काही नको हं, बघून घ्या.” एवढंच. ओळ काढा असं ते म्हणाले नाहीत. मी काढली. दोन मुलींच्या शाळा, नवरा घरी बसलेला... कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. पण छापील प्रत हातात घेऊन रमणनं विचारलं, तेव्हा मी सरळ खोटं बोलले. “साहेबांनी काढली रे.”

तो तडक केबिनमध्ये गेला. आवाज चढलेले बाहेर ऐकू येत होते, आणि मी स्क्रीनकडे बघत बसून राहिले. थोड्या वेळानं वॉचमन त्याला गेटपर्यंत सोडून आला. पंखा पुढे धडाधड खपला. किती घरांत त्या जाळीला हात लागून कोण फेकलं गेलं, मला माहीत नाही. आमच्या कागदावर तो पास आहे.

रमण नंतर पाड्यापाड्यांवर वायरिंगची कामं करायचा. डहाणूच्या बाजारात भेटला की मुलींची चौकशी करायचा. मी मनात म्हणायची, भोळा बिचारा, चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन बसलाय. मालक काही संन्यासी नव्हते, पण चोर मीच होते.

गेल्या रविवारी गंजाडला गेले. त्याची बायको सुमन ओट्यावर बसली होती. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “त्यांना ठाऊक होतं. साहेबानं त्याच दिशी सांगितलं, मी हात नाय लावला, तुमच्या तायनं काढली.”

“मग मला कधी बोलला का नाही तो?”

“म्हणायचे, ताय घाबरली. घाबरलेल्या माणसाला काय बोलायचं?”

त्यापेक्षा बाजारात चारचौघांत त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याची दया मला पेलत नाही.

निघताना सुमन मला घरामागे घेऊन गेली. तिथं जमिनीत एक पाइप पुरलेला आहे, रमणनं स्वतः केलेलं अर्थिंग. माती सुकली की ते नीट काम करत नाही, म्हणून तो रोज त्यात तांब्याभर पाणी ओतायचा. आता ती ओतते. “आज तुम्ही घाला,” म्हणत तिनं तांब्या पुढे केला. मी घाईनं तांब्या कलता केला आणि अर्धं पाणी बाहेरच सांडलं. तिनं ते पाहिलं आणि तांब्या पुन्हा भरून माझ्या हातात दिला.