साहेबांचा बेसबॉल

आमच्या साहेबांनी बेसबॉलचा संघ घेतला तेव्हा त्यांना या खेळाची एवढीच माहिती होती, की बॅट गोल असते. राज्यात पहिल्यांदाच पगारी खेळाडूंची लीग सुरू होत होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यानं एक संघ घेतला, म्हणून यांनीही घेतला. बीडच्या चौकाचौकांत फलक लागले. त्यावर साहेब बॅट क्रिकेटसारखी जमिनीला टेकवून उभे होते, आणि आम्ही खेळाडू त्यांच्या पायाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढे.

मी चौसाळ्याचा, एका खासगी शाळेत खेळाचा मास्तर. विद्यापीठाकडून कॅचर, म्हणजे फलंदाजामागं बसून चेंडू धरणारा, म्हणून खेळलो होतो, त्यामुळे निवड झाली. आमचा पिचर बीडचा. त्याच्या घरच्यांचं बसस्टँडजवळ फळांचं दुकान होतं. त्याच्यासारखा चेंडू टाकणारा गडी मी अजून पाहिलेला नाही. चेंडू सरळ यायचा आणि फलंदाजानं बॅट फिरवली की खाली बसायचा. कप्तान मात्र साहेबांचा पुतण्या. तो सरावाला अत्तर लावून यायचा आणि पँट मळेल म्हणून कधी घसरत बेस, म्हणजे पळतानाचा टप्पा, गाठायचा नाही.

पहिल्याच सामन्यात त्यानं चेंडू मारला आणि जागेवर उभा राहून बघत बसला. बेसबॉलमध्ये मारलं की पळायचं असतं, हे त्याला प्रशिक्षकानं महिनाभर सांगितलं होतं. तो बाद झाला, मग पंचाशी भांडला, आणि साहेबांनी पंच बदलून मागितला. प्रशिक्षक पुण्याचा, शहाणा माणूस. त्या दिवसापासून त्यानं बोलणंच बंद केलं. पगार घ्यायचा, मान हलवायची.

बाहेरगावचे सगळे सामने आम्ही हरलो. शेवटचा सामना घरचा, बीडजवळ पाली गावाच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर. त्या दिवशी मात्र पिचरचा हात असा काही चालला, की समोरचा संघ हतबल झाला. शेवटचा डाव उरला आणि आम्ही एका धावेनं पुढं होतो. आयुष्यात एकदाच होतं तसं वाटत होतं. त्याच्या हातातून चेंडू सुटायच्या आधीच मला कळायचं, तो कुठं येणार.

तेवढ्यात साहेब आले. त्यांच्या गाड्या थेट मैदानात शिरल्या, आमच्या क्षेत्ररक्षकांमधून. सामना थांबला. शाल, नारळ, हार झाले, आणि साहेब माइकवर उभे राहिले. आपल्या मातीतल्या विटीदांडूचंच हे रूप आहे, गोऱ्यांनी ते चोरलं, असं त्यांनी सांगितलं. मग रस्ते, मग पाणीयोजना, मग विरोधक. पिचर उन्हात हात चोळत उभा होता. मी कप्तानाजवळ जाऊन म्हणालो, की भाषण चालू असताना बाजूला त्याला थोडे चेंडू टाकू दे, हात थंड पडतोय.

"साहेब बोलायलेत. पाठ दाखवायची न्हाई," तो म्हणाला.

भाषण संपलं. साहेबांना फोटोवाले दिसले, आणि मंडपातल्या खुर्चीकडं जाता जाता त्यांनी फर्मान सोडलं, की शेवटचा डाव आपल्या पुतण्याला टाकू द्या. मी प्रशिक्षकाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. पिचरनं चेंडू कप्तानाच्या हातात ठेवला आणि बाकावर जाऊन बसला.

पुतण्याचे चेंडू माझ्या डोक्यावरून गेले, जमिनीत गेले, एक तर मंडपात गेला. चार चेंडू भलतीकडं गेले की फलंदाजाला बेस फुकट मिळतो. समोरचे खेळाडू बॅट खाली ठेवून फिरायला निघाल्यासारखे एकेका बेसवरून परत सुरुवातीच्या जागी आले. दोन धावा त्यांनी अशाच नेल्या. त्यांचा संघ हसतही नव्हता, त्याचीच मला जास्त लाज वाटली. मग कसेबसे त्यांचे तीन गडी बाद झाले आणि आमची पाळी आली. कप्तान स्वतःच शेवटचा फलंदाज, तो तीनदा हवेत बॅट फिरवून बाद झाला आणि आम्ही हरलो.

साहेबांनी माइक घेतला आणि हा आपला नैतिक विजय आहे असं जाहीर केलं. आणलेले फटाके परत कशाला न्यायचे, म्हणून ते वाजवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेही त्याच लायकीचे.

मी तोंडावरचा जाळीचा मुखवटा काढून पिचरशेजारी बसलो. तो म्हणाला, "चल बे, बूट काढ. ह्यांच्यासाठी आता एक चेंडू टाकायचा न्हाई."

समोरच्या संघाच्या प्रशिक्षकानं त्याला तिथंच बोलावून घेतलं. पुढच्या हंगामात तो त्यांच्याकडून खेळला, अजून खेळतोय. मला कुणी बोलावलं नाही, पण मीही साहेबांकडं परत गेलो नाही. तशी वेळच आली नाही म्हणा. वर्षभरात साहेबांनी संघ सोडला आणि कुस्तीचं मैदान भरवायला घेतलं.

परवा चौसाळ्यात एका लग्नात पुतण्या भेटला. आता तोही पुढारी झालाय. चार माणसांत माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांना म्हणाला, की आम्ही दोघांनी या जिल्ह्यात बेसबॉल आणला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मास्तर, खेळ कावून सोडला तुमी? लई चांगले खेळायचे."

"तुमचे चेंडू धरून धरून कंटाळलो," मी म्हणालो.

तो मोठ्यानं हसला. त्याला ती तारीफ वाटली. मी त्याचा हात खांद्यावरून काढला आणि जेवायला बसलो.