कुंडलिकआबांच्या दोन शेळ्या

फाल्गुनात निरवांगीच्या माळावर काळवीट माजावर येतो आणि रोज एकाच जागी लेंड्या टाकून आपली हद्द राखतो. चोरटे शिकारी तो ढीग शोधून शेजारीच दबा धरतात. म्हणून आमचे शेजारी कुंडलिकआबा ते ढीग पाटीत भरून आणतात आणि डाळिंबांना घालतात.

परवा आम्ही दोघे माळावरून परतताना एक जीप आडवी आली. मागच्या बाकावर बंदूक दिसली.

"आबा, नर माजावर आलं का?"

"अजून न्हाय. महिना जाईल."

"पाटीत काय?"

"शेळ्यांच्या लेंड्या."

एकाने मूठभर घेऊन चुरून पाहिल्या. आबांनी जन्मात शेळी पाळलेली नाही.

"शेळ्या किती?"

"दोनच. पर लई खादाड हायत."

तो हसला. "मग येतो की घरी. एक द्या मटणाला."

आबा तसेच वडगाव निंबाळकरला बहिणीकडे गेले आणि दोन शेळ्या घेऊन आले. ती माणसं अजून आलेली नाहीत. पण गाडीचा आवाज झाला की आबा चारा घेऊन दारात धावतात. शेळ्या मात्र अजून त्यांना ओळखत नाहीत; त्या बिचकून मागे सरतात.