कलमी रक्त

दादाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि आधी वाटलं, काचच बिघडली. पांढऱ्या पेशी नको तितक्या, आणि सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. दुसरी काच केली. तीच गर्दी.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. रत्नागिरीत माझी रक्त तपासायची लहानशी लॅब होती. थोरला भाऊ, दादा, लांज्याच्या वाटेवर हापूसची कलमं बांधून विकायचा. दापोलीच्या शेती विद्यापीठात जाऊन कोयकलम, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधणं, शिकून आलेला, त्यामुळे घरात त्याच्यापुढे कोणाचं चालत नसे. मानेला गाठी, अंगाला खाज, तरी म्हणायचा, "उन्हाचं हाय." मला असला राग यायचा!

मुंबईला माझ्या सरांकडे नमुना पाठवला. टी पेशींच्या अंगावरचे, जंतू ओळखणारे रिसेप्टर एकसारखे की वेगवेगळे, हे पाहायची तपासणी तेव्हा नवीच होती. उत्तर आलं ते मला नको होतं तेच: सगळे एकसारखे, म्हणजे रक्ताचा कर्करोग.

मी तडक त्याच्या कलमांच्या मांडवात गेले. तो रोपाला खाच देत बसला होता. त्याला समजेल असं सांगायला गेले.

"रोगाशी लढणाऱ्या टी पेशी असतात ना दादा, त्या कोयीतून उगवणाऱ्या रायवळ आंब्यासारख्या. प्रत्येकीचा रिसेप्टर निराळा, म्हणून कुठलाही जंतू आला तरी कुणीतरी ओळखतंच. तुझ्या मात्र एकाच पेशीपासून झाल्यात. हुबेहूब."

तो चक्क खूश झाला. "म्हंजे रक्तपण कलमी! मग वायट काय गो त्यात? रायवळाचा काय भरवसा नाय."

जन्मभर त्याने हेच तर विकलं होतं. फळात तसूभर फरक निघायचा नाही, असं तो गिऱ्हाइकाला छातीठोक सांगे. वहिनी चहा घेऊन आली, तिलाही त्याने हसत हसत सांगितलं. तीही हसली. 

ती आत गेल्यावर मी म्हणाले, "बाकीच्या पेशींना जागाच उरली नाही, दादा. आता साधा तापसुद्धा तुला झेपायचा नाही."

त्याचा हात थांबला. त्याने रोपांच्या रांगांकडे बघितलं.

"मूळ झाड तोडून भागंल?" त्याने विचारलं, आणि स्वतःच मान हलवली. "नाय. कलमं बांधून झाल्यावर ते तोडून काय उपेग." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "रक्तातली किती जगली?"

"जवळजवळ सगळी."

दादाने चाकू मिटला आणि अर्धवट बांधलेलं रोप तसंच टाकून उठला.